सर्दीने घरी अडकलेल्या शनिवार-रविवारी कोणत्या रहस्यकथा वाचाव्यात?

तुम्ही लिहिलंय की नाक चोंदलंय, दोन दिवस घरात एकटेच आहात, मोबाईल बघून डोकं ठणकतंय. रहस्यकथा वाचायची इच्छा आहे, पण जड डोक्याला ती झेपेल का, असा तुमचा प्रश्न. झेपते. मला तर सर्दीतच रहस्यकथा जास्त कळल्या.

मी अमळनेरची. गेल्या जानेवारीत, ऐन भरिताच्या दिवसांत, मला सर्दीने गाठलं. घरचे सगळे यावलकडे नणंदेच्या शेतात भरीत पार्टीला गेले आणि मी मागे राहिले. शेजारच्या काकू दारातूनच "काय व्हयनं वं तुले?" विचारून गेल्या आणि अर्ध्या तासाने फौजदारी डाळीची वाटी घेऊन परत आल्या. लसणाची फोडणी, वर लाल तेलाचा तवंग. वाटी नाकाजवळ नेली, काहीच नाही. घास घेतला तर जिभेला मीठ लागलं, तिखट झोंबलं, पण लसूण कुठे गायबच. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा नाकाचा असतो, तो असा कळतो.

आणि नेमकं त्याच दुपारी मी विषप्रयोगाची कथा वाचत होते. सायनाइडची जुनी खूण म्हणजे कडू बदामाचा वास. प्रेताजवळ जाऊन कुणीतरी पेला हुंगतं आणि तपासाला दिशा मिळते. मी पुस्तक छातीवर पालथं टाकलं आणि विचार करत बसले, की पेला हुंगणाऱ्यालाच सर्दी असती तर? पुढे कळलं की हा वास धडधाकट असूनही सगळ्यांना येत नाही, काहींना तो जन्मापासूनच ओळखता येत नाही. म्हणजे "मला कसलाच वास आला नाही" असं सांगणारा साक्षीदार खोटं बोलतोय की खरं, हे ठरवणं किती अवघड! नाक उघडं असतं तर हा प्रश्न मला पडलाच नसता. अगाथा ख्रिस्तीच्या कथांतली विषं इतकी पटतात त्याचं कारणही असंच अनुभवातलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करून देण्याचं काम केलं होतं. 1920 साली तिची पहिली कादंबरी आली, आणि त्यातही खून विषानेच होतो.

आता क्रम सांगते. आज डोकं जड असेल तर बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, धनंजय या त्यांच्या नायकांच्या छोट्या कादंबऱ्या, धावत्या. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली, त्यामुळे जुन्या वाचनालयात एखादं तरी सापडतंच. दुपारी सर्दीची गोळी घेतली की झोप येते, तेव्हा लघुकथा बऱ्या. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश 1932 साली आला. तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, आणि हा फरक कथेकथेत जाणवतो. गोळीचा अंमल चढण्याआधी एक कथा संपते. कोर्टातली लढत हवी असेल तर सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. ख्रिस्तीची मोठी कादंबरी मात्र रविवारसाठी ठेवा, कारण तिच्यात माणसं पुष्कळ, आणि तापलेल्या डोक्यात नावं राहत नाहीत. मी वहीच्या कागदावर नावं लिहून तो खूण म्हणून पुस्तकातच ठेवते.

एक गोष्ट माझ्या मनात अजून आहे. वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत अर्ध्यावर कुणीतरी शिसपेनने एका नावाखाली रेघ ओढून 'हाच' लिहिलं होतं. मला रडूच आलं. दोन दिवसांचा एकुलता एक विसावा आणि तोही कुणीतरी नासवला. बाहेर जायची ताकद नव्हती, घरात दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून तेच पहिल्या पानापासून पुन्हा धरलं, या वेळी फक्त त्या एका माणसावर नजर ठेवून. आणि काय दिसलं! तो पहिल्याच प्रकरणात दिवा लावायला उठतो, आणि त्या एका हालचालीत पुढचं सगळं पेरलेलं आहे. पहिल्यांदा वाचताना ते वाक्य मी पाहिलंही नव्हतं. लेखकाने काहीच लपवलं नव्हतं, आपली नजर फक्त दुसरीकडे वळवली होती. तेव्हापासून मी सर्दीत एक तरी वाचलेली रहस्यकथा पुन्हा वाचतेच.

तब्येतीचंही थोडं. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, त्यामुळे घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका, त्यांचा उपयोग नाही. कोमट पाणी पीत राहा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. पाठीशी दोन उशा घेऊन टेकून वाचलं तर नाकही थोडं मोकळं राहतं. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा श्वासाला त्रास झाला, तर पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जा.

आणि हो, एखाद्या कथेत खुनी आधीच ओळखलात तर इथे नाव लिहू नका, कुठल्या पानावर ओळखलात तेवढंच कळवा.