माझा भाऊ दारू सोडण्यासाठी औषधे घेतो; प्रार्थनेवर विश्वास ठेवून ती बंद करावीत का?

नाही, तुमच्या भावाची औषधे बंद करू नका. प्रार्थना मात्र अवश्य चालू ठेवा, कारण ख्रिस्ती विश्वासात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. बायबलमधील याकोबाच्या पत्रात (5:14) आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करण्यास मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना सांगितले आहे, आणि पौलाने कलस्सैकरांस लिहिताना लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असाच केला आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी 1981 साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्ती संस्थेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदतगटाच्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली जाते. व्यसनात पोखरून गेलेली आशा, अपराधीपणाचे ओझे आणि एकटेपण यांवर श्रद्धा व मंडळीचा सहवास फार मोठा आधार देतात, हे मी मनापासून मानतो.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके (फिट) येऊ शकतात. चहाचा कप धरताना हात थरथरणे, दरदरून घाम, रात्रभर झोप नसणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत भास आणि बरळणे सुरू झाले, तर जीवावर बेतू शकते. म्हणून ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची माहिती मोफत मिळते.