चाळीस सेकंद आधी आलेला उपग्रह

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या क्लबने यूएसबी डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि स्टीलच्या मोजपट्टीचा यागी अँटेना वापरून विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एका दहा सेंटिमीटरच्या उपग्रहाचा बीकन, म्हणजे तो सतत पाठवत असलेला ओळखीचा रेडिओ संदेश, पकडला. तो साधारण 500 किलोमीटरवरून फिरतो. सकाळी 9:41 ला तो डोक्यावर असेल असं सॉफ्टवेअर म्हणत होतं, पण तो चाळीसेक सेकंद आधीच निघून गेला. शिवाय स्क्रीनवरची सिग्नलची रेघ सरळ न येता घसरत गेली. डोंगल खराब आहे का? आणि कक्षा सूर्यसमकालिक आहे तर पासची, म्हणजे आमच्या आकाशातून जाण्याची, वेळ रोज बदलते कशी? (एक वाचक, कराड)

उत्तर : डोंगल ठणठणीत आहे, बदलू नकोस. तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो मी भिंग लावून पाहिला. उपग्रहाच्या टीएलईमधल्या, म्हणजे कक्षेच्या त्या दोन ओळींमधल्या, पहिल्या ओळीत तारीख दडलेली असते. आधी वर्षाचे दोन आकडे, मग वर्षाचा कितवा दिवस ते. तुमचं टीएलई निरीक्षणाच्या सव्वीस दिवस आधीचं निघालं! हा नाशवंत माल आहे बाई. सेलेस्ट्रॅक या वेबसाइटवरून सकाळी ताजा उतरवायचा आणि मगच गच्चीवर जायचं.

चाळीस सेकंद म्हणजे किरकोळ वाटेल. पण सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या हिशेबाने ते तीनशे किलोमीटर होतात. तू कराडच्या माथ्यावर अँटेना रोखलास तेव्हा स्वारी कारवारजवळच्या समुद्रावर होती.

आता उशिरा न येता लवकर का आला? 500 किलोमीटरवरही हवेचा अंश असतो, तो उपग्रहाला अडवतो. अडवलं की उपग्रह किंचित खाली येतो. खालची फेरी आखूड आणि वेगही जास्त. म्हणजे ज्याला ब्रेक लागतो तोच वेळेआधी पोचतो. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, तरी हे उरफाटं गणित पचायला मला आठवडा लागला होता. टीएलईमध्ये या अडथळ्याचा अंदाज धरलेला असतो, पण सूर्य खवळला की वरची हवा फुगते आणि अंदाज कोलमडतो. मे 2024 मध्ये लडाखच्या हानलेहून आकाशात लाल आभा दिसली होती, आठवतंय? त्या सौरवादळात खालच्या कक्षांतल्या सगळ्याच उपग्रहांना हवेने जास्त ओढलं.

रेघ घसरते ते डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे जवळ येणाऱ्याची वारंवारता चढते आणि लांब जाणाऱ्याची उतरते त्यामुळे, आणि तीच तुझी खरी कमाई आहे. 437 मेगाहर्ट्झच्या आसपासचा बीकन क्षितिजावर उगवताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि मावळताना तेवढाच खाली. मधे जिथे उतार सर्वांत तीव्र, तो क्षण उपग्रह सर्वांत जवळ असल्याचा. तो क्षण सेकंदापर्यंत टिपून ठेव. 1957 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत गुइयर आणि वाइफेनबाख या दोघांनी स्पुट्निकची शिट्टी अशीच नोंदवली आणि नुसत्या त्या घसरणीवरून त्याची कक्षा काढली. रडार नाही, दुर्बीण नाही.

ही युक्ती मला 2016 मध्ये कामी आली. 22 जूनला पीएसएलव्ही-सी34 ने एका दमात वीस उपग्रह सोडले. त्यातला एक पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा ‘स्वयम्’, जेमतेम किलोभर वजनाचा. सुरुवातीला टीएलईच्या यादीत नुसत्या वस्तू येतात, कुठली कोणाची याचा पत्ता नसतो. वीस जण एका माळेत, आणि मी पावसात प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन गच्चीवर. एकेका टीएलईने वेळ काढायची, उताराचा मध्य कोणाशी जुळतो ते पाहायचं. चौथ्या दिवशी एक जोडी जवळपास बसली. घरच्यांनी विचारलं, “काय ऐकू आलं?” मी म्हटलं, “पिप.” पुढे कोणी काही विचारलं नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. सूर्यसमकालिक म्हणजे घड्याळाचा काटा नव्हे. पृथ्वीच्या फुगलेल्या पोटामुळे कक्षेचं प्रतल रोज जवळपास एक अंश वळतं. 500 किलोमीटरला कक्षेचा विषुववृत्ताशी कल साडेसत्त्याण्णव अंश ठेवला की हे वळणं सूर्याच्या वार्षिक चालीशी जुळतं, आणि विषुववृत्त ओलांडताना खालची स्थानिक वेळ दरवेळी सारखी पडते. पण त्याची एक फेरी सुमारे 95 मिनिटांची, आणि दिवसात अशा पूर्ण फेऱ्या बसत नाहीत, सव्वापंधराच्या आसपास होतात. म्हणून पंधरा फेऱ्यांनंतर तो तुझ्याकडे कालच्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी आणि थोडा पूर्वेकडून येतो. चार-पाच दिवसांनी पुन्हा जवळजवळ जुन्या जागी. तुझ्या उपग्रहाचे सकाळी सहसा दोन पास मिळतील: पहिला पूर्वेकडे झुकलेला, दुसरा दीड तासाने अरबी समुद्राच्या बाजूने. दुसऱ्यात आगाशिवच्या डोंगराआड थोडा सिग्नल जाईल, त्याला इलाज नाही. रात्रीही असेच दोन, फक्त तेव्हा तो दक्षिणेकडून वर चढतो. अगदी डोक्यावरून गेला तरी क्षितिज ते क्षितिज बारा मिनिटांच्या आतच खेळ आटोपतो, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या.

एक सूचना. ऐकण्यापुरतं हे ठीक. उपग्रहाकडे काही पाठवायचं मनात आलं तर आधी हौशी रेडिओची परीक्षा आणि लायसन्स.

प्रश्न : हे छोटे उपग्रह रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. दहा सेंटिमीटरचा ठोकळा 500 किलोमीटरवर, त्यात रात्री साडेनऊच्या पासला तो पृथ्वीच्या सावलीत बुडालेला असतो, चमकणार कशाने? हौस भागवायची असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पाहा, संध्याकाळी अंधार पडल्यावर तासाभरात किंवा पहाटे उजाडण्याआधी.