तालमी राहू देत, संघाचा विचार कर

प्रिय मित्रा,

तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला यंदाचा हंगाम काढणं जड जातंय, पलीकडच्या पेठेच्या संघाचीही तीच गत आहे, आणि म्हणून दोघांनी एक व्हावं असं काही जाणते म्हणू लागलेत. कोल्हापुरात ही गोष्ट बोलून दाखवायलाही धाडस लागतं. तू ती टाळली नाहीस हे बरं केलंस. पण यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. तालमी, म्हणजे आखाडा आणि उत्सव सांभाळणाऱ्या पेठेच्या संस्था, एक करायच्या, की फक्त सीनियर संघ? माझं मत स्पष्ट आहे. तालमींना हात लावू नकोस. संघ एक करता येईल, पण आधी हिशेब मांड.

समजा प्रत्येक संघाचा हंगामाचा खर्च 15 लाख आणि जमा 11 लाख. दोघांची मिळून तूट 8 लाख. बैठकीत कुणीतरी उभा राहून सांगेल की खर्च एकाच संघाचा 15 आणि जमा दोघांची 22, म्हणजे 7 लाख उरतील. तसं होत नाही. जो व्यापारी दोन्ही संघांना देत होता तो आता एकदाच देईल. जो पेठेच्या नावासाठी देत होता तो नाव बदललं की हात आखडता घेईल. जमा 15 लाखांच्या वर धरू नकोस. खर्चही 15 वर थांबत नाही. संघ मोठा झाला म्हणून बाहेरचे आणखी दोन खेळाडू हवेत, नावाजलेला प्रशिक्षक हवा. 18 धर. म्हणजे तूट 3 लाख उरते. 8 वरून 3 ही सुधारणा खरी आहे, पण मागची देणी त्यात धरलेलीच नाहीत.

एकत्र आल्याने नक्की काय वाचतं? एक प्रशिक्षक, एक फिजिओ, एक किट, सरावाचं एकच मैदान, प्रवेश फी एकदाच. खेळाडूंचं मानधन आणि खुराक तेवढाच राहतो, जोवर तुम्ही मुलं कमी करत नाही. दोन्हीकडे 22-22 नोंदणीकृत खेळाडू असतील आणि नवा संघ 25 जणांचा असेल तर 19 मुलं मोकळी होतात. ती तिसऱ्या पेठेच्या संघात जातात आणि त्यांच्या गल्ल्याही त्यांच्यामागे जातात. शाहू स्टेडियममध्ये तुमच्या बाजूला बसणारी माणसं अशी कमी होतात. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम लिहून ठेव.

बाहेर काय घडलं तेही पाहा. इंग्लंडमध्ये 1983 साली ऑक्सफर्ड युनायटेडचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल याने तो क्लब आणि शेजारचा रेडिंग क्लब एकत्र करून ‘थेम्स व्हॅली रॉयल्स’ काढायचं जाहीर केलं. समर्थकांना कुणी विचारलंच नव्हतं. ते मैदानात ठाण मांडून बसले, शेअरचा वाद कोर्टात गेला आणि बेत कोसळला. रशडन अँड डायमंड्स हा 1992 मध्ये दोन छोट्या क्लबांतून उभा राहिला आणि 2001 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला. पण सगळा भार मॅक्स ग्रिग्ज या एका उद्योगपतीच्या पैशावर होता. 2005 मध्ये तो बाजूला झाला आणि 2011 मध्ये क्लब बंद पडला. तुमच्याकडेही एकच दाता दोन्ही संघांना एकत्र आणू पाहत असेल तर हे लक्षात ठेव.

यशाची उदाहरणंही आहेत, पण त्यांत क्लबांना काहीतरी मिळणार होतं. 1994 मध्ये स्कॉटिश लीगमध्ये दोन नव्या जागा निघाल्या, म्हणून इन्व्हरनेसचे कॅलेडोनियन आणि थिसल एक झाले. विरोध कडवा होता, तरी 2015 मध्ये त्या क्लबने स्कॉटिश कप जिंकला. मात्र 2024 मध्ये तोच क्लब कर्जापायी प्रशासकाच्या हाती गेला आणि त्याचे 15 गुण कापले गेले. विलीनीकरणाने खर्चाची सवय सुटत नाही.

तुमच्या कामाचं खरं उदाहरण डेन्मार्कचं आहे. 1992 मध्ये केबी आणि बी 1903 या कोपनहेगनच्या दोन जुन्या क्लबांनी पहिला संघ तेवढा एकत्र करून एफसी कोपनहेगन उभा केला. मूळ क्लब जिवंत राहिले. 1999 मध्ये इकास्ट आणि हेर्निंग फ्रेमाद यांनी एफसी मिडट्यूलन असाच काढला. तालमीला ही रचना चपखल बसते. तुमचा आखाडा, गणेशोत्सव, लहान मुलांचा सराव, इमारत हे सगळं तालमीचंच राहील. वर एक स्वतंत्र संस्था फक्त सीनियर संघ चालवेल.

कायद्याच्या बाजूनेही हेच सोपं. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दोन संस्था एक करायच्या तर लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला सभेच्या 10 दिवस आधी पोचवावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मतं लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने तो कायम करावा लागतो. त्यात तालीम सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचं काम वेगळंच. यादीत मयत सभासद तसेच पडून असतात, पत्ते जुने असतात, आणि एकाने जरी नोटीस मिळाली नाही अशी हरकत घेतली की सगळं अडकतं. नवी संस्था काढायला मात्र सात माणसं पुरतात. त्यांत दोन्ही तालमींचे तीन-तीन प्रतिनिधी आणि दोघांनी मिळून निवडलेला एक बाहेरचा माणूस घे. सम संख्या ठेवलीस तर पहिल्या प्रशिक्षकाच्या निवडीवरच गाडी थांबेल.

करारात मागची देणी ज्याची त्याच्याकडे राहतील हे स्पष्ट लिहा. 31 मार्चची तारीख धरून दोघांनी आपापल्या देण्यांची यादी एकमेकांना सहीनिशी द्यावी, त्यात खेळाडूंचं थकलेलं मानधन आणि खेळाचं साहित्य पुरवणाऱ्याची उधारीही यावी. यादीत नसलेलं देणं पुढे निघालं तर ते ज्या तालमीचं त्या तालमीने फेडायचं. जमलं नाही तर तीन हंगामांनी वेगळं होता येईल, आणि तेव्हा लीगमधली जागा कुणाकडे जाईल, हेही आत्ताच ठरवा. भांडण पेटल्यावर ते ठरत नाही.

नावाबद्दल घाई करू नकोस. 2020 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीचा 80 टक्के हिस्सा एटीके या तिथल्याच दुसऱ्या क्लबच्या मालकांकडे गेला. हिरवा-मरून रंग राहिला, तरी नावाच्या पुढे लागलेलं ‘एटीके’ समर्थकांना सलत राहिलं आणि 2023 मध्ये ते काढावं लागलं. दोन्ही पेठांची नावं जोडून ठेवा, लांब वाटलं तरी चालेल. जर्सीचे रंग समर्थकांच्या उघड सभेत ठरवा.

या सगळ्याआधी एक पत्र केएसएला, म्हणजे लीग चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला, जाऊ दे. दोन संघांच्या दोन जागांपैकी कोणती राहील, दुसरीचं काय होईल, खेळाडूंची नोंदणी नव्या संस्थेकडे कशी जाईल आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे चार प्रश्न त्यात विचार. एक जागा कायमची जाणार असेल तर माझं मत बदलेल. मग यंदा दोघांनी सराव, प्रशिक्षक आणि कुमार गटाचा संघ तेवढा एकत्र करा आणि सीनियर संघ वेगळेच उतरवा. लेखी उत्तर हाती येईपर्यंत पेठेत बैठक लावू नकोस.

तुझा,
एक हितचिंतक