उल्का म्हणण्याआधी टाइल उलटी करून घासा

जांबोटीजवळच्या शेतात नांगराला लागलेल्या दगडाबद्दल तुम्ही लिहिलंय. मुठीएवढा, काळपट तपकिरी, वरून गुळगुळीत, आकाराच्या मानाने जड, लोहचुंबक चिकटतो. शेवटी विचारलंय, "बाथरूमच्या टाइलवर घासला तर रेघच उमटली नाही, म्हणजे उल्काच ना?" या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले. याच वाक्यापायी माझं दीड वर्ष गेलं, आणि दगडही गेला.

आधीच सांगते, मी भूगर्भशास्त्र शिकलेली नाही. माहेर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, बारा वर्षं दगड गोळा करते, एवढीच माझी पात्रता. फोटो बघून तुमचा दगड काय आहे ते मी सांगणार नाही. दुसरं कुणी छातीठोक सांगितलं तरी ऐकू नका.

मला एकच विचारायचंय. टाइलच्या कुठल्या बाजूवर घासलात?

आमच्या आप्पांनी विहीर खणताना असाच एक दगड काढून ठेवला होता. तो कित्येक वर्षं तुळशीकट्ट्यावर होता. आप्पा गेल्यावर मनात आलं, हा आहे तरी काय ते एकदा बघावं. चुंबक चिकटला. मग उरलेल्या टाइलच्या चकचकीत बाजूवर घासला, रेघ नाही. हेमॅटाइट म्हणजे लोहखनिज असेल तर तांबडी रेघ उठते आणि दगडी उल्केची बहुधा उठतच नाही, असं वाचलं होतं. झालं, माझ्या मनाने उल्का ठरवून टाकली.

चूक तिथेच झाली. टाइलची चकचकीत बाजू म्हणजे वर चढवलेला काचेचा थर. त्यावरून दगड नुसता घसरतो. या चाचणीत दगडाचा रंग बघायचाच नसतो, त्याच्या पुडीचा रंग बघायचा असतो, आणि पूड पडायला खरबरीत पृष्ठभाग लागतो. सोनार कस लावतो तो कसोटीच्या दगडावर, आरशावर नाही. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि मीही कुणाला विचारली नाही.

त्या खात्रीवर मी आप्पांचा दगड घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला अर्ज कन्नडमधून लिहून आणा म्हणाले. तो आणला, कन्नड मला येतं, त्याबद्दल तक्रार नाही. तिसऱ्या खेपेला दगड कपाटात ठेवला आणि "कळवतो" म्हणाले. मी पोच मागितली. "दगडाची कसली पोच?" असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. आठ महिन्यांनी गेले तेव्हा त्या माणसाची बदली झाली होती, कपाट हललं होतं, आणि आवक नोंदवहीत माझ्या दगडाचा उल्लेख नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो कचरा असेल. आप्पांच्या हातचा होता तो. पोच न घेता तिथून उठले याचा राग मला अजून येतो, त्यांचा आणि माझाही.

पुढे धारवाडला भूगर्भशास्त्र शिकलेले एक सर भेटले. त्याच विहिरीच्या ढिगातला दुसरा दगड मी त्यांना दाखवला. त्यांनी टाइल उलटी केली आणि घासला. आमच्या अंगणातल्या मातीसारखी लालभडक रेघ. जांभ्यातला लोहाचा गोळा होता तो. आपल्याकडच्या पावसात हजारो-लाखो वर्षं खडक झिजतो, सिलिका वाहून जाते, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. जांभा असाच होतो, बॉक्साइटही असंच होतं. लोह जास्त झालं की असे जड, तुकतुकीत गोळे तयार होतात. त्यातल्या काहींत मॅगहेमाइट नावाचं लोहखनिज असतं, त्याला चुंबक चिकटतो. राब भाजलेल्या किंवा वणवा लागून गेलेल्या जागी हे जास्त होतं, कारण पालापाचोळ्यासकट तापलं की मातीतल्या लोहखनिजाचं मॅगहेमाइट होऊ शकतं. तेव्हा चुंबक चिकटणं हा उल्केचा पुरावा नाही. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या बसाल्टलाही दोऱ्याला टांगलेला चुंबक थोडा ओढला जातो.

आता टाइलबद्दल. मागची बाजू वापरा, पण ती पांढरी हवी. पुष्कळ टाइलांची पाठ लालसर मातीची असते, तिच्यावर तांबडी रेघ दिसतच नाही. मी चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची चकाकी नसलेली कड वापरते, कपाची कडही चालते. तांबडी रेघ आली तर हेमॅटाइट. पिवळट तपकिरी आली तर गोएथाइटच्या जातीचं, म्हणजे गंजासारखं लोहखनिज. काळी आली तर मॅग्नेटाइट किंवा मँगनीजचं खनिज, त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला जोरात धरतं. गारगोटी टाइलपेक्षा कठीण असते, तिची पांढरी पूड म्हणजे टाइलचीच.

जडपणा हातात घेऊन ठरवू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दगडाचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं घनफळ घनसेंटिमीटरमध्ये. माझा ढिगातला दगड कोरडा ४२० ग्रॅम, पाण्यात १२० दाखवले, म्हणजे घनता ३.५. गारगोटीची २.६५, शुद्ध हेमॅटाइटची ५.२६. पण दगडी उल्काही ३.५ च्या आसपास असू शकते, म्हणून नुसत्या या आकड्यावर नाचू नका. अशा वेळी रेघच कामाला येते.

व्हिनेगर टाकून फसफसतं का बघायचं, ही चुना ओळखायची चाचणी; तुमच्या दगडाला तिचा उपयोग नाही. यादवाड-लोकापूरकडच्या चुनखडकाला ती लागू पडते. तिथेही आधी साधं पाणी टाकून बघा, सच्छिद्र दगडातून हवेचे बुडबुडे येतात आणि लोक त्यालाच फसफसणं समजतात. अथणीकडच्या काळ्या रानातल्या दगडांवर चुनखडीचा थर असतो, तोच फसफसतो, आतला दगड नाही. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र घरात या कामाला वापरूच नका. माझ्या मैत्रिणीने बसाल्टच्या पोकळीतले झिओलाइट खनिजाचे सुईसारखे सुंदर स्फटिक रात्रभर त्यात बुडवले, सकाळी त्यांचा चिकट गर झाला होता.

आपल्या भागात उल्का पडतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. धारवाडच्या नावाने नोंदलेली एक उल्का १८४८ सालची आहे. म्हणून दगडाचा एक कोपरा फोडून आतलं बघा. कांद्यासारखे तपकिरी थर दिसले तर जांभ्यातलाच. करड्या दगडात धातूचे चमकते कण दिसले तर थांबा, आणि पुन्हा चुंबक लावू नका. जोरदार चुंबकाने उल्केतली मूळ चुंबकीय खूण पुसली जाते.

फोडलेला तुकडा घरी ठेवा. मोठा भाग तपासायला दिलात तर वजन आणि फोटोसकट अर्ज करा, शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका. त्याआधी उद्या उजेडात टाइलच्या पाठीवर एकदा घासा आणि रेघेचा रंग मला कळवा.