लॅपटॉपचा पंखा फिरतो, लाइट लागते, पण स्क्रीन काळीच. सर्व्हिस सेंटर म्हणतं मदरबोर्ड गेला, २० हजार लागतील. दुरुस्त करू की नवीन घेऊ?

पंखा फिरतोय ना? मग मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेला हे कुणी ठरवलं आणि कशावरून, ते आधी विचारा. 'मदरबोर्ड गेला' हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरातला लॅपटॉप मूळचा धाकट्या दिरांचा. २०१९ साली घेतलेला, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. त्यांना नवीन घ्यायची लहर आली तेव्हा तो माझ्या मुलाकडे आला. २०२५ च्या पावसाळ्यात एका सकाळी तो पार मेला. लाइट नाही, पंखा नाही, काही नाही. दीर ऐरोलीला आयटीत मॅनेजर आहेत, त्यामुळे या विषयात घरात त्यांचाच शब्द चालतो. तेच सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. उत्तर आलं: मदरबोर्ड, २८ हजार. गौरीच्या जेवणाला सगळी पंगत बसलेली असताना भाऊजींनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, सहा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे भंगार. ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्टपण संपतोय. नवीन घेऊन टाका."

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलाय आणि लग्नानंतरही रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या टेस्टिंगला होते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते आठवतं मिक्सर बंद पडला की. लॅपटॉपला म्हणे 'आयटीवाला' लागतो. भाऊजींनी आयुष्यात सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी मल्टीमीटर काढला. अ‍ॅडाप्टर नुसता सॉकेटला लावला तर त्याच्यावरचा दिवा लागत होता आणि पिनवर बरोबर १९.५ व्होल्ट मिळत होते. पिन लॅपटॉपमध्ये घातली की दिवा गुल. काढली की थोड्या वेळाने परत चालू. ज्याला हे दिसलं त्याला अर्धं निदान झालं म्हणून समजा. बोर्डात कुठेतरी शॉर्ट आहे आणि घरातला एमसीबी पडतो तसा अ‍ॅडाप्टर स्वतःला बंद करून घेतोय. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

शॉर्ट आहे हे कळलं, पण बोर्डावर तो नेमका कुठे हे शोधायची साधनं माझ्याकडे नाहीत. ठाणे स्टेशनच्या बाजूला एक मुलगा बसतो, टेबलाएवढी जागा, वर मायक्रोस्कोप. त्याच्याकडे गेले. त्याने बॅटरी सोडवली, १९ व्होल्टच्या मेन लाइनवर डीसी सप्लायमधून जेमतेम एक व्होल्ट सोडला आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं. जो पार्ट शॉर्ट असतो तिथून करंट जातो, तो गरम होतो आणि तिथलं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं. एका सिरॅमिक कॅपॅसिटरभोवतीची जागा बघता बघता कोरडी झाली. दोन मिलिमीटरचा पार्ट! त्याने तो उपटला, अ‍ॅडाप्टर लावला, दिवा लागलेलाच राहिला. त्या लाइनवर असे कॅपॅसिटर बरेच असतात, सगळे पॅरलल, म्हणून एक काढून चालूनही गेलं असतं. तरी मी दुसरा बसवून घेतला. सगळे मिळून १५०० रुपये. तो लॅपटॉप आज विंडोज ११ वर चालतोय, कारण आठव्या पिढीपासूनचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्याला चालतात. 'आयटीवाल्यां'ना हे माहीत असायला हवं होतं.

सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. तिथे पार्ट बदलत नाहीत, आख्खा बोर्ड बदलतात. कंपनीची पद्धतच ती. तिथल्या माणसाच्या तोंडी 'बोर्ड गेला' याचा अर्थ 'बोर्डात काहीतरी आहे, आम्ही शोधणार नाही' एवढाच. भाऊजींना मी हेही सांगितलं की २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलंय. तर म्हणाले, "पोर्टलने लॅपटॉप चालू होतो का?" नाही होत. १५०० रुपयांत झाला.

आता तुमचं. तुमची केस आमच्यासारखी नाही. पंखा फिरतोय म्हणजे मेन लाइन शॉर्ट नाही. कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू आहे, दिसत नाही एवढंच. अंधारात स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा. तिथे चित्र आलं तर तुमचा बोर्ड बहुधा ठणठणीत आहे आणि २० हजार वाचले. स्क्रीनची केबल बिजागरीजवळ तुटणं तर फारच कॉमन.

टीव्हीवरही काही नाही आलं तर चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग परत लावा. ते झालं की रॅम, म्हणजे मेमरीचं छोटं कार्ड. मागचं कव्हर उघडता येत असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत नीट बसवा. दोन असतील तर एकेक लावून बघा. आपल्या इथल्या दमट हवेत या संपर्कावर गंज धरतो, आणि निम्मे 'गेलेले मदरबोर्ड' एवढ्यानेच परत येतात असं माझं मत आहे. रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू व्हायला काही लॅपटॉप दोन-चार मिनिटं घेतात, लगेच बटण दाबू नका. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजा. तो कोड असतो, कंपनीच्या साइटवर मॉडेलप्रमाणे अर्थ मिळतो.

रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असेल (भाऊजींच्या नव्या पातळ लॅपटॉपमध्ये आहे, मी काही बोलले नाही) तर यातलं निम्मं तुम्हाला करता येणार नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडूच नका. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं कव्हर फुगलं असेल तर बॅटरी फुगलीय: चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

डेटाची काळजी असेल तर एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) काढून एनक्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घालून दुसऱ्या मशीनला लावता येते. पण विंडोजने ती बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असू शकते. तसं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. बहुतेकांची ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. दुकानात द्यायच्या आधी ती शोधून ठेवा. आणि दुकानदाराला एकच विचारा, "चिप लेव्हल काम करता का?" म्हणजे आख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला पार्ट बदलता का. तो अडखळला तर उठा.

नवीन घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या. पण हौस आहे म्हणून घ्या, बोर्ड गेला म्हणून नाही. भाऊजींनी पंगतीत तेवढंच म्हटलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

ता. क. चहा सांडला असेल आणि तुम्ही ते प्रश्नात लिहिलं नसेल, तर वरचं सगळं सोडा. एकदाही चालू करून बघू नका. बॅटरी सोडवा आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या, त्याच दिवशी. तांदळाच्या डब्यात ठेवून साखर निघत नाही.