‘म्हणे’ शोधा, लेखक सापडेल

या महिन्याच्या टपालात इंग्रजीच्या शंका नेहमीप्रमाणे ढीगभर आहेत, पण गंमत म्हणजे चार पत्रं फिरून फिरून एकाच जागी येतात, की उताऱ्यात लेखकाचं स्वतःचं म्हणणं नेमकं कुठलं. म्हणून व्याकरणाचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचंय म्हणून आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देतेय, बाकी सगळं निघालं पण रीडिंगला दोनदा साडेसहावर अडकले, सात पाहिजेत. ट्रू-फॉल्स बऱ्यापैकी जमतं पण येस-नो-नॉट गिव्हन आलं की डोकं चालतच नाही. क्लासवाले नुसतं म्हणतात लेखकाचं मत ओळखा. अहो पण उताऱ्यात दहा जणांची मतं असतात, त्यातलं लेखकाचं कुठलं?

उत्तर : ताई, दहा जणांची मतं असतात हे तुमच्या लक्षात आलंय हेच खूप झालं. बहुतेकांना वाटतं की जे छापलंय ते सगळं लेखकच बोलतोय, आणि तिथेच मार्क जातात. आधी जरा हिशोब सांगते म्हणजे धीर येईल. रीडिंगला 60 मिनिटांत 3 उतारे आणि 40 प्रश्न. ॲकॅडमिक प्रकारात साधारण 30 बरोबर आले की 7 बँड, म्हणजे तुमचे सात मिळतात, म्हणजे तुमचं घोडं एक, दोन, फार तर तीन प्रश्नांवर अडलंय. ते तीन बहुतेक याच गटातले असणार.

ट्रू-फॉल्समध्ये माहिती तपासायची असते आणि येस-नोमध्ये लेखकाचं म्हणणं तपासायचं असतं, आणि ज्यावर तो बोललाच नाही ते नॉट गिव्हन. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून आपण दोन्हीकडे सारखेच धावतो.

आता मराठीत आपण हे कसं करतो बघा. ‘आज टँकर येणार’ आणि ‘आज टँकर येणार म्हणे’. दुसऱ्या वाक्यात बोलणारी बाई एका शब्दात बाजूला झाली की नाही? बातमी सांगितली, पण उद्या टँकर नाही आला तर तिच्या नावानं कोणी बोंब मारायची नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, कानाला आपोआप कळतं. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावायची सोय नाही, म्हणून ते क्रियापदात नाहीतर एखाद्या विशेषणात लपवतात. क्लेम, अलेज, सपोजेडली, सो-कॉल्ड, इट इज वाइडली बिलीव्ह्ड, हे सगळे ‘म्हणे’च. उलट शो, डेमन्स्ट्रेट, रिव्हील, पॉइंट आउट आलं की लेखकानं ते म्हणणं पदरात घेतलंय असं बहुतेक वेळा समजायचं. आणि ओव्हरलुक, इग्नोर, फेल टू आलं की समजा लेखक भांडायला उभा राहिलाय.

कोरडं बोलून उपयोग नाही, मीच रचलेला एक तुकडा घ्या. इंग्रजीच आहे, फक्त आपल्या लिपीत लिहिलंय :

‘इट इज ऑफन सेड दॅट झूज टीच चिल्ड्रन टू लव्ह ॲनिमल्स. सपोर्टर्स पॉइंट टू द मिलियन्स हू व्हिजिट एव्हरी इयर. यट अ व्हिजिट इज नॉट अ लेसन. द बेटर झूज, ॲडमिटेडली, डू सम व्हॅल्युएबल ब्रीडिंग वर्क, बट धिस इज हार्डली अ रीझन टू कीप एलिफंट्स इन द मिडल ऑफ अ सिटी.’

पहिलं वाक्य ‘म्हणे’चं. दुसरं सपोर्टर्सचं, आणि इथे पॉइंट टू आहे हां, पॉइंट आउट नाही. पॉइंट टू म्हणजे नुसतं बोट दाखवणं, ते बरोबर आहे की चूक यावर लेखक अजून गप्प आहे. तिसऱ्या वाक्याला यट आलं आणि लेखक पहिल्यांदा स्वतः बोलला. मग ॲडमिटेडली, म्हणजे आपलं ‘ते एक मान्य आहे हो’, आणि आपल्याला माहितीच आहे की ‘मान्य आहे’ म्हटल्यावर पुढे ‘पण’ येणारच, तो आलाच. हार्डलीला कठीण समजू नका, दर वर्षी वर्गात चार जण तरी समजतात. हार्डली अ रीझन म्हणजे ‘हे काय कारण झालं?’

आता प्रश्न. एक, लोक इतक्या संख्येनं येतात म्हणजे प्राणिसंग्रहालयातून शिक्षण होतंच असं लेखकाला वाटतं. उत्तर नो, कारण भेट म्हणजे धडा नव्हे हे त्यानं स्वतः म्हटलंय. दोन, काही प्राणिसंग्रहालयं प्रजननाचं उपयोगी काम करतात. येस! इथे खूप जण नो लिहितात कारण ‘लेखक विरोधात आहे ना’. अहो, विरोधात असला तरी एवढं त्यानं कबूल केलंय, कबुली पण मतच असतं. तीन, प्राणिसंग्रहालयं बंद करावीत. नॉट गिव्हन. शहराच्या मध्यात हत्ती नको एवढंच तो म्हणाला, बंद करा असं कुठे म्हणाला? पण आपल्या मनात ते पूर्ण होतं, कारण असं बोलणारा माणूस पुढे तेच म्हणेल असं आपल्याला वाटतं.

नो आणि नॉट गिव्हनमध्ये घोळ झाला की मी एक करते, ते वाक्य लेखकाला मनातल्या मनात ऐकवून बघते. तो ‘छे, मी याच्या उलट बोललोय’ म्हणाला तर नो, आणि ‘यावर मी कधी बोललो?’ म्हणाला तर नॉट गिव्हन. शिवाय हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमानंच येतात, त्यामुळे चौथ्याचं उत्तर तिसऱ्याच्या मागे शोधत बसू नका, वेळ जातो.

आणि खरं सांगू का, तुम्ही हे रोज ड्यूटीवर करता. केसपेपरवर सी-ओ (पेशंटची तक्रार) वेगळं आणि ओ-ई (तपासणीत आढळलेलं) वेगळं, बरोबर? पेशंट म्हणतो पोटात आग पडलीय ते सी-ओ मध्ये जातं, आणि हात लावल्यावर पोट टणक लागलं ते ओ-ई मध्ये. पेशंटचं बोलणं कधी तपासणीच्या खाली लिहिलंय का तुम्ही? उताऱ्यात पण पेन्सिलीनं तेच करा, लोकांचं बोलणं असेल तिथे बाजूला सी-ओ लिहा. मग उरेल ते लेखकाचं.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एमबीएच्या प्रवेशासाठी कॅटची तयारी करतोय. आरसीचे (रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे) पॅसेज समजतात, खरंच समजतात, तरी ‘ऑथर वुड मोस्ट लाइकली ॲग्री’ वाले प्रश्न चुकतात. शेवटी दोन ऑप्शन उरतात आणि मी दर वेळी बरोबर चुकीचाच निवडतो. टोनचे प्रश्न तर तुक्क्यावर सोडवतो.

उत्तर : अरे, दर वेळी चुकीचाच निवडतोस म्हणजे तो तुक्का नाही, त्यात काहीतरी शिस्त आहे! ती शोधू. गेली काही वर्षं व्हर्बलच्या सेक्शनला 40 मिनिटांत 24 प्रश्न असतात, त्यातले 16 आरसीचे. बरोबरला 3, चुकला की पर्यायवाल्या प्रश्नात 1 वजा. म्हणजे दोनात अडकून चुकीचा मारलास की फरक चार मार्कांचा, तीनचा नाही.

माझा अंदाज असा की तुझा गोंधळ पुस्तक-परीक्षणासारख्या पॅसेजमध्ये जास्त होत असणार. तिथे एका दगडात तीन आवाज असतात : परीक्षण लिहिणारा, ज्याच्या पुस्तकाबद्दल लिहिलंय तो, आणि तो पुस्तकवाला ज्यांच्याशी भांडतोय ते लोक. प्रश्नातला ‘ऑथर’ म्हणजे परीक्षण लिहिणारा, पण पॅसेजचा सत्तर टक्के भाग पुस्तकवाल्याच्या मुद्द्यांनी भरलेला, मग साहजिकच आपण त्यालाच ऑथर धरून बसतो. समज पुस्तकात म्हटलंय की खेड्यापेक्षा शहरात राहणं पर्यावरणाला परवडतं, आणि चार परिच्छेद हेच चाललंय, मग शेवटी एक बारकं वाक्य येतं, ‘द आर्ग्युमेंट इज एलिगंट, परहॅप्स टू एलिगंट.’ संपलं! पूर्ण पॅसेज तिथे वळला. टू एलिगंट ही स्तुती नाहीये, ‘फारच गोड बोलतात हो ते’ म्हटल्यावर कोणी कौतुक समजतं का? आणि दोन ऑप्शनपैकी एक असणार शहरं पर्यावरणाला चांगली, जो तू निवडणार कारण ते वाचलेलं ताजं आहे, आणि दुसरा असणार की मुद्दा दिसतो तितका सरळ नाही, जो फिक्का वाटतो म्हणून तू सोडणार.

फिक्का ऑप्शन हेच बऱ्याचदा उत्तर असतं. लेखकानं पॅसेजमध्ये मे, परहॅप्स, टेंड्स टू वापरलं असेल आणि ऑप्शनमध्ये ऑल, ओन्ली, नेव्हर असेल तर तो ऑप्शन लेखकापेक्षा जास्त ओरडतोय. पण याचा मंत्र करू नकोस हां, लेखक स्वतःच ओरडत असेल तर ओरडणारा ऑप्शनच बरोबर, मी बघितलंय असं. आवाजाची पट्टी जुळते का एवढं बघ. आणि प्रश्नातलं एक्सेप्ट, म्हणजे ‘सोडून’, कॅपिटलमध्ये असूनही घाईत सुटतं, त्याला गोल कर.

टोनसाठी आधी ऑप्शन झाकून स्वतः मराठीत एक शब्द ठरव : खवचट आहे, काळजीत आहे, कौतुक करतोय, की मन ठरत नाहीये. मगच ऑप्शन बघ. खवचटला सार्डोनिक, मन ठरत नाहीला ॲम्बिव्हॅलंट. आणि इनडिफरंट दिसला तर बहुतेक वेळा सोड. ज्याला काही पडलेलं नाही तो पाचशे शब्द कशाला लिहील?

प्रश्न : माझी मुलगी दहावीला स्टेट बोर्डात आहे. इंग्रजीत बऱ्यापैकी मार्क पडतात पण बारावीनंतरच्या एंट्रन्ससाठी बाहेरच्या टेस्ट लावल्या तर कॉम्प्रिहेन्शनमध्ये अर्धी उत्तरं चूक. मी समजावलं तर म्हणते, ‘आई, मला असंच वाटतं.’ आता काय बोलणार? – एक आई, डोंबिवली

उत्तर : तिचं चुकत नाहीये, तिला सवय तशी लागलीय. बोर्डाच्या ॲक्टिव्हिटी शीटमध्ये उताऱ्याखाली शेवटी पर्सनल रिस्पॉन्सचा प्रश्न असतो, तिथे तुला काय वाटतं हेच विचारतात आणि ते लिहिल्याचे मार्क मिळतात. एंट्रन्समध्ये मात्र तिला काय वाटतं याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. हा फरक कोणी तोंडानं सांगत नाही आणि मुलं दोन्हीकडे सारखंच मन मोकळं करतात.

माझंही झालंय हो. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांना द्यायच्या आधी एक सराव पेपर स्वतः सोडवायला घेतला, उतारा होता मोठ्या धरणांवर आणि माझी त्या विषयावर ठाम मतं. पाचापैकी तीन चुकले. उत्तरं बघितल्यावर पाच मिनिटं तर मला वाटत होतं की उत्तरपत्रिकाच चुकीची छापलीय. मग परत वाचलं तर लेखक बिचारा फक्त एवढंच म्हणत होता की खर्चाचे अंदाज नीट काढत नाहीत, धरणाच्या बाजूनं पण नाही आणि विरोधात पण नाही. बाकीचं सगळं मी घातलं होतं.

म्हणून तिला तिच्या आवडीचे उतारे आधी देऊच नका. मोबाइल, परीक्षा, क्रिकेट यावर तिची मतं तयार असणार. दगड, समुद्रातले जीव, जुनी नाणी असलं काहीतरी द्या. आणि उत्तर दिलं की एकच विचारा, ‘कुठल्या ओळीत?’ ओळीवर बोट ठेवता आलं तर लेखकाचं, नाहीतर तिचं. चिडेल पहिले आठ दिवस. लिटल आणि अ लिटल, फ्यू आणि अ फ्यू यांतला फरक मात्र एकदा बसून घोटून घ्या. देअर इज लिटल एव्हिडन्स म्हणजे पुरावा जवळपास नाहीच, आणि मुलं ‘थोडा पुरावा आहे’ लिहून अख्खं मत उलटं करतात.

प्रश्न : बँकेच्या परीक्षेत आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर : माहितीचे प्रश्न असतील तर आधी प्रश्न, काय शोधायचं ते कळतं. मताचे असतील तर आधी उतारा, कारण चुकीचे पर्याय आधी वाचले की ते डोक्यात बसतात आणि मग उताऱ्यात तेच दिसायला लागतात. बँकेत दोन्ही मिसळलेले असतात, तेव्हा फक्त प्रश्नांवरून नजर फिरवा, पर्याय वाचू नका. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, तेव्हा ‘यावर तो कधी बोललाच नाही’ असं दोनदा वाटलेला पर्याय तिसऱ्यांदा वाचत बसू नका, खोडून पुढे जा.