ग्रंथालयशास्त्रात नेमकं काय शिकवतात? ग्रंथालयाच्या आराखड्यात त्याचा काही उपयोग होतो का?

पुस्तकं रॅकला लावायला पदवी कशाला, असाही तुमच्या प्रश्नाचा थोडा रोख दिसतोय! मी ग्रंथपाल आहे, वास्तुरचनाकार नाही, तेवढं धरून वाचा.

अभ्यासक्रमात वर्गीकरण (पुस्तकांची विषयवार मांडणी), तालिकीकरण (पुस्तकांची शोधता येईल अशी सूची करणं), संदर्भसेवा (वाचकाला हवी ती माहिती शोधून देणं), व्यवस्थापन, संगणकीकरण असतं. इमारतीबद्दल व्यवस्थापनाच्या पेपरात थोडंफार येतं. पण आराखड्याच्या चर्चेत मला सगळ्यात जास्त कामी आलं ते वर्गीकरण.

पूर्वी पुस्तकाची जागा ठरलेली असे: अमुक कपाट, तमुक फळी. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धत 1876 मध्ये आली आणि क्रमांक फळीऐवजी विषयाला मिळाला. गणित 510, भूमिती 516. त्यामुळे आज आलेलं भूमितीचं पुस्तक शेवटच्या रॅकवर जात नाही, आपल्या भावंडांत मधेच घुसतं. म्हणजे मोकळी जागा हॉलच्या टोकाला ठेवून भागत नाही, ती फळीफळीवर लागते. मी नवखा असताना एका ग्रंथालयात फळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. दहा नवी पुस्तकं आली की तीन रॅकमधली पुस्तकं पुढे सरकवायची. 'इतकी पुस्तकं मावतील' असा हिशेब करणाऱ्याने पहिल्याच दिवशी सगळ्या फळ्या भरून टाकल्या होत्या. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या 1931 च्या पाच सूत्रांपैकी पाचवं, 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे', परीक्षेसाठी घोकलं होतं. कळलं ते पुस्तकं उचलताना.

चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. आत शिरताच संदर्भ विभागाचं टेबल दिसलं पाहिजे, ते यामुळे. मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे वाचक स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तक घेत असतील, तर दोन रॅकमध्ये चाकाची खुर्ची जाईल, एक जण वाकून शोधत असताना दुसरा मागून निघेल, एवढी वाट हवी. बंदिस्त संग्रहात फक्त कर्मचारी फिरतात, तिथे कमी चालते.

वजनाचं मात्र अभियंत्यावर सोडा, फक्त आधी सांगा. कार्यालयाच्या जमिनीला दर चौरस मीटरला साधारण 250 किलो भार धरतात, पुस्तकांच्या रॅकखाली 700 किलोंच्या वर. कार्यालयाच्या मजल्यावर 'नंतर ग्रंथालय करू' म्हणणारे इथेच अडकतात.

आराखडा करताना ग्रंथपालाला 'पुस्तकं किती?' एवढंच विचारू नका. कोणता विषय वर्षाला किती वाढतो आणि जुनी पुस्तकं खरंच काढता का, तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नावर तो बहुधा हसेल.